पाइप म्हणतो पाणी आहे

“वाजलं! वाजलं! मी ऐकलं!” धांदल ओरडला आणि लाकडी फळीवरून घसरून एका पायानं चिखलात गेला.

“तुझ्या चपलेचा आवाज होता तो,” शंकी म्हणाली. “हलू नकोस. पट्टी अजून खाली जायचीय.”

तिनं पांढऱ्या पाइपच्या तोंडातून मोजपट्टी बोटबोटभर खाली सोडली. पट्टीच्या टोकाला पितळी गोळा होता. तो पाण्याला टेकला की हातातल्या डबीतून बारीक शिट्टी वाजायची. शंकीनं श्वास रोखला. फळीवर उकिडवी बसलेली मौनी वहीवर पेन्सिल टेकवून वाट बघत होती.

टूं!

“आता वाजलं!” शंकी म्हणाली. “पाइप क्रमांक सहा. जमिनीपासून पाणी पस्तीस सेंटिमीटर खाली.”

मौनीनं आकडा लिहिला. ती फारसं बोलायचीच नाही, म्हणून तिचं नाव मौनी. धांदल चालताना धावायचा आणि धावताना पडायचा, म्हणून तो धांदल. आणि शंकी? तिला पाळण्यात असतानासुद्धा शंका यायच्या, असं तिची आई म्हणायची. शाळेच्या हजेरीपटात तिघांचीही चांगली भारदस्त नावं होती, पण सुट्टीत ती कुणी वापरत नसे.

शंकी सुट्टीसाठी आत्याकडे आली होती. धांदल हा आत्याचाच मुलगा, अकरा वर्षांचा, शंकीपेक्षा वर्षानं लहान. मौनी पाहुणेघराच्या राखणदार आजोबांची नात. आत्या वर्षभर त्या पाहुणेघरात राहून समोरच्या पाणथळ कुरणाचा अभ्यास करत होती. कुठलं गवत कुठे येतं, बेडूक अंडी कुठे घालतात आणि या सगळ्यांना जमिनीखालचं पाणी किती वर लागतं, हे ती मोजत होती. गेल्या वर्षी रस्ता तुंबू नये म्हणून कुरणाच्या कडेनं एक चर खणला होता. आता तो चर दुप्पट खोल करायचा बेत होता. त्यानं कुरण सुकेल का? हे सांगायचं काम होतं आठ पाइपांचं.

“ह्याला विहीर म्हणतात?” आल्या दिवशी शंकीनं विचारलं होतं. “ह्यात तांब्यासुद्धा जाणार नाही!”

आत्या हसली होती. मग तिनं पाइपचा एक उरलेला तुकडा टेबलावर ठेवून सगळं दाखवलं होतं. दीड मीटर खोल भोक पाडायचं. त्यात पाइप उभा करायचा. पाइपच्या खालच्या भागाला बारीक चिरा असतात, त्यांतून जमिनीतलं पाणी आत येतं. चिरांमधून गाळ येऊ नये म्हणून पाइपला कापडी मोजा.

“सर्दी होऊ नये म्हणून!” धांदल म्हणाला होता.

“मोज्याभोवती वाळू भरायची,” आत्या पुढे म्हणाली, “आणि वाळूच्या वर हे.” तिनं पेल्यातल्या पाण्यात करड्या मातीच्या चार गोळ्या टाकल्या. मुलं बघत राहिली. गोळ्या हळूहळू सुजल्या, एकमेकींना चिकटल्या आणि तासाभरात पेल्याला घट्ट बूच बसल्यासारखं झालं. “ही फुगरी माती. हिचं बूच बसलं की वरचं पावसाचं पाणी पाइपच्या कडेनं खाली उतरत नाही. मग पाइपमध्ये फक्त जमिनीतलं खरं पाणी दिसतं.”

पहिले तीन पाइप आत्यानं स्वतः उभं राहून बसवून घेतले होते. पुढचे पाच, म्हणजे चराच्या बाजूचे, ठेकेदारकाकांनी बसवले. त्या दिवशी आत्याला बैठकीला जावं लागलं होतं.

“पस्तीस सेंटिमीटर म्हणजे केवढं?” धांदलनं आता विचारलं.

शंकीनं कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. “एवढंच. हातभरसुद्धा नाही.”

“झालं तर मग!” धांदल टाळ्या पिटत म्हणाला. “पोरांचं काम झालं!”

पोरं म्हणजे बेडकांची. चराजवळच्या डबक्यात काळ्या शेपट्या हलवणारी शेकडो पिल्लं होती आणि डबकं रोज आटत होतं. काल ते ताटाएवढं होतं, आज बशीएवढं. धांदलचा जीव त्यांच्यात अडकला होता.

“हातभर खड्डा खणायचा. खाली पाणी आहेच. तळं तयार! मग पोरं उचलून त्यात.”

आत्यानं पाइपांभोवती घातलेल्या तारेच्या बाहेर खणायला परवानगी होती. मौनीनं कुदळ आणली. पाइप सहापासून दहा पावलांवर तिघांनी खणायला सुरुवात केली. वरची चार बोटं माती ओली होती, परवाच्या सरीची. त्याखाली मात्र कुदळ खणकन वाजली.

“दगड?” धांदल म्हणाला.

“माती,” मौनी म्हणाली.

कोपरभर झालं. पाणी नाही. मांडीभर झालं. माती हातात घेतली की भाकरीच्या कोरड्या तुकड्यासारखी चुरत होती. धांदल घामाघूम होऊन खड्ड्यातच बसला.

“तळं कुठे पळालं?”

शंकी खड्ड्याच्या काठावर पालथी झोपली आणि आत हात घालून तळ चाचपला. कोरडा ठणठणीत! तिनं मान वळवून पाइपकडे पाहिलं. पाइप ऐटीत उभा होता.

“पाइप म्हणतो पाणी पस्तीसवर आहे,” ती हळूच म्हणाली. “आपण साठच्या खाली आलोय. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. आणि खड्डा कसा खोटं बोलेल?”

“आली! हिला शंका आली!” धांदलनं कपाळावर हात मारला.

बेडकांच्या पिल्लांना मात्र वाट बघायला वेळ नव्हता. मुलांनी ती चाळणीनं अलगद उचलली, पाण्याच्या बादलीत घातली आणि वरच्या अंगाला, पाइप दोनजवळच्या मोठ्या डबक्यात सोडली. गंमत म्हणजे तिथली जमीन पाय टाकला की पचपचत होती.

दुपारी आत्या टेबलावर आलेख काढत बसली होती. शंकीनं सगळं सांगितलं. आत्यानं चष्मा वर केला.

“जमीन सगळीकडे सारखी नसते गं. मध्येच एखादा मुरुमाचा पट्टा असतो. एका खड्ड्यावरून काही ठरत नाही.”

“पण आत्या, डबकंपण आटतंय.”

“उन्हानं आटत असेल.”

“मग वरचं का नाही आटत?”

आत्यानं आलेखाकडे मान वळवली. समोरच्या आलेखात पाच रेघा होत्या. प्रत्येक सरीनंतर त्या टणकन वर उडत होत्या. आत्यानं त्यांवरून पेन्सिल फिरवली.

“परवा ऑफिसातल्या मोठ्या बाई येतायत,” ती म्हणाली. “ह्या पाच पाइपांकडे बघून त्या म्हणणार, कुरणाला पाणी भरपूर आहे, चर खोल करा. सोमवारी यंत्र येतंय खणायला. मलाही वाटलं होतं, बरं झालं, कुरण वाचलं.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “शंका आलीच आहे तर अर्धी सोडू नकोस. मला दाखव. काय केलंस म्हणजे कळेल?”

शंकीला वाटलं होतं की आत्या एकतर रागावेल, नाहीतर उत्तर देईल. प्रश्न उलटा तिच्याच अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. ती पायरीवर जाऊन बसली. धांदल आणि मौनीही शेजारी येऊन बसले.

“पाइपमध्ये पाणी आहे. जमिनीत नाही,” शंकी पुटपुटली. “खालून आलं नाही, मग आलं कुठून?”

“वरून पडलं!” धांदल म्हणाला. “झाकण उघडं राहिलं असेल!”

“झाकण घट्ट असतं. मीच रोज काढते ना.”

“मग कडेनं,” मौनी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मौनीनं काडीनं मातीत एक पाइप काढला आणि त्याच्याभोवती गोल रेघ ओढली. “झाडाला करतो तसं आळं करू. पाणी ओतू. बघू.”

“मौनी!” शंकी उठून उभीच राहिली. “तू कमी बोलतेस ते बरंच आहे. रोज बोलायला लागलीस तर आम्हाला कामच उरणार नाही!”

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं कुरणात निघाली. आत्याच्या हातात घड्याळ, धांदलच्या दोन्ही हातांत बादल्या. आधी पाइप दोन. मौनीनं पाइपभोवती मातीचा कट्टा घालून सुबक आळं केलं. शंकीनं आधीचं पाणी मोजलं आणि धांदलनं बादलीभर पाणी आळ्यात ओतलं. पाच मिनिटं गेली. दहा. वीस. पाणी आळ्यात तसंच तळ्यासारखं साचून राहिलं होतं. शंकीनं पट्टी सोडली. पाइपमधला आकडा एका सेंटिमीटरनंही बदलला नव्हता.

“मस्त बूच!” धांदल म्हणाला. एक आणि तीन क्रमांकही तसेच निघाले.

मग पाइप सहा. तेच आळं, तेवढंच पाणी. पण इथे पाणी ओतताच कडेनं ‘गुळगुळ गुळगुळ’ असा आवाज आला. आळ्यात बुडबुडे उठले आणि बघता बघता पाणी गायब!

“प्यायलं! पाइप पाणी प्यायला!” धांदल नाचायला लागला.

“नाचू नकोस, फळी हलते,” शंकी म्हणाली. तिनं पट्टी पुन्हा आत सोडली. टूं! पट्टी कितीतरी आधीच वाजली. “वीस सेंटिमीटर वर आलं. चार मिनिटांत.”

चार, पाच, सात आणि आठ क्रमांकाच्या पाइपांचंही तेच झालं. शेवटची बादली रिकामी झाल्यावर आत्या फळीवर बसली. वारा सुटला होता. लव्हाळ्यांवरून एक चतुर उडत आला आणि पाइपच्या झाकणावर टेकला. 

“महिनाभर मी पावसाचं पाणी मोजलं,” आत्या शेवटी म्हणाली. “कागदावर सहीपण माझीच आहे. ‘सर्व विहिरी माझ्या देखरेखीखाली बसवल्या.’ तीनच बसवल्या होत्या मी.”

शंकीनं पट्टी खाली ठेवली. बरोबर निघाल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. “आत्या, मी उगाच...”

“उगाच काही नाही,” आत्या उठली आणि तिनं कपडे झटकले. “चला. आधी फोन.”

ठेकेदारकाकांचा आवाज फोनमधून पार अंगणापर्यंत ऐकू येत होता. “मॅडम, काय बोलताय! माझ्या ह्या दोन हातांनी गोळ्या टाकल्यात! पाचही पाइपांना! आता गोळ्याच खराब निघाल्या असतील तर मी काय करू? माल मी थोडाच बनवतो! उद्या येतोच मी, मोठ्या बाईंच्या समोर सांगतो.”

आत्यानं फोन ठेवला. “गोळ्या खराब असतील तर पहिले तीनही पाइप आज ना उद्या गळणार. म्हणजे आठातला एकही आकडा धरता येणार नाही. मग उद्या मी बाईंना काय दाखवू? मोकळे हात?”

“खड्डे दाखव!” धांदल म्हणाला.

मग दुपारभर चौघांनी चराच्या कडेनं आणखी चार खड्डे खणले. चारही कोरडे निघाले.

संध्याकाळी पाहुण्यांसाठी साफसफाई निघाली. राखणदार आजोबांनी ओसरी झाडली, मौनीनं खुर्च्या पुसल्या. धांदलला फक्त एक बादली इकडून तिकडे न्यायची होती. तेवढंच! पण दारातच त्याचा पाय पायपुसण्यात अडकला आणि अख्खी बादली भिंतीजवळच्या बाकड्यावर पालथी झाली.

“अरे देवा!” आजोबा म्हणाले. “माझी सतरंजी!”

“वाळेल आजोबा, सकाळपर्यंत वाळेल!” असं म्हणत धांदल पसार झाला.

सकाळी शंकी बूट घालायला त्याच बाकड्यावर बसली आणि घसरली. पुन्हा बसली. पुन्हा घसरली.

“हे बाकडं तिरपं का झालंय?”

“तूच तिरपी असशील,” धांदल ब्रश तोंडात धरून म्हणाला.

“नाही रे. ह्या टोकाला उंच झालंय. काल सपाट होतं. बाकडं वाढलंय!”

“बाकडी वाढत नाहीत.”

“तेच तर म्हणतेय मी!”

शंकीनं ओल्या सतरंजीचं टोक उचललं. खाली लाकूड नव्हतंच. पोती होती, एकावर एक नीट रचलेली. टोकाच्या पोत्याची शिवण उसवली होती आणि तिच्यातून करडा, बुळबुळीत, फुगलेला गोळा बाहेर आला होता. शंकीनं त्यात बोट खुपसलं. धांदलच्या तोंडातला ब्रश खाली पडला.

“फुगरी माती!”

मौनी धावत आली. तिनं पोती मोजली आणि हाताची पाच बोटं वर केली.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. मोठ्या बाई आल्या होत्या, आणि त्यांच्या मागून दुसऱ्या गाडीतून ठेकेदारकाका. आजोबा लगबगीनं आले, “अरे, सतरंजी विसकटलीत!” असं म्हणत त्यांनी पोत्यांवर कोरडी चादर घातली, आणि शंकी तोंड उघडते तोच मोठ्या बाई ओसरीवर येऊन नेमक्या त्याच बाकड्यावर बसल्या.

“छान मऊ बाकडं आहे हो,” त्या म्हणाल्या.

धांदलनं हसू दाबायला स्वतःची मूठ चावली.

मोठ्या बाई म्हणजे पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या, पण एकदा बघितलं की समोरच्याला सरळ बसायला लावणाऱ्या. चर खोल करायचा की नाही, यावर त्यांची सही होणार होती. आत्यानं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की पाच पाइपांत पावसाचं पाणी उतरतंय, म्हणून त्यांचे आकडे धरू नका. आणि ते पाइप बसवताना आपण हजर नव्हतो, तरी सही केली.

बाईंनी भुवया उंचावल्या. “ही मोठी चूक झाली.”

“हो,” आत्या म्हणाली.

शंकी आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ठेकेदारकाका मात्र घाम पुसत पुढे झाले. “मॅडमची काही चूक नाही हो! माझीपण नाही! मी सगळं अगदी नियमानं केलं. माल खराब, त्याला कोण काय करणार!”

“मग आठही पाइप बाद,” बाई म्हणाल्या. “आणि यंत्र तर सोमवारी येतंय. हातात आकडेच नसतील तर मी ते कशाच्या जोरावर थांबवू?”

शंकीनं मौनीकडे पाहिलं. मौनीनं मान हलवली. शंकीनं आपला आवाज होईल तेवढा गोड केला.

“काका, एका पाइपला किती पोती लागतात हो?”

“एक, बाळा,” काकांना विषय बदलल्यानं हायसं वाटलं. “आठ पाइप, आठ पोती. हिशेब सोपा.”

“आणि तुम्ही सगळी वापरलीत?”

“सगळी! मूठभरही उरली नाही. रिकामी पोतीसुद्धा मीच गाडीत घालून नेली.”

“अरेरे! म्हणजे माल खराब होता का, हे तपासायला एकही गोळी नाही?”

“कुठून असणार, बाळा!” काका हळहळले. “असती तर मीच दाखवली असती!”

धांदल आता फुटायच्या बेतात होता. पण त्याच्याआधी मौनी पुढे झाली. मोठ्या बाईंसमोर उभी राहिली आणि आजवरचं सगळ्यांत लांब वाक्य बोलली.

“बाई, तुम्ही जरा उठता का? तुम्ही पुराव्यावर बसलाय.”

 मोठ्या बाई सावकाश उठल्या. शंकीनं चादर ओढली, धांदलनं सतरंजी ओढली. पाच पोती! चार जशीच्या तशी शिवलेली आणि पाचवं फुगून फाटलेलं.

“अगं बाई!” आत्या म्हणाली. “महिनाभर मी ह्याच्यावर बसून चहा पितेय!”

“मला काय ठाऊक!” राखणदार आजोबा गांगरले. “हेच म्हणाले होते, ‘राहू देत इथे, नंतर नेतो.’ मी म्हटलं, पडलीच आहेत तर बसायला होतील.”

“आणि माल खराब नाही,” शंकी म्हणाली. आता तिचा आवाज गोड नव्हता, सरळ होता. “काल बादलीभर पाणी सांडलं, तर एका रात्रीत बाकडं उंच झालं. पहिल्या तीन पाइपांत हीच माती आहे, म्हणून तिथे बूच बसलंय. त्यांचे आकडे खरे आहेत. चार ते आठमध्ये ती कधी गेलीच नाही.”

सगळे ठेकेदारकाकांकडे बघत होते. काकांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. ते पायरीवर मटकन बसले.

“आभाळ भरून आलं होतं,” ते खाली बघत म्हणाले. “गोळ्या थोड्या थोड्या टाकायच्या, भिजवायच्या, फुगेपर्यंत थांबायचं... एकेका पाइपला तास जातो. म्हटलं, वरून माती दाबली की झालं. कोण बघतंय! पोती मग इथेच विसरलो. अगदी साफ विसरलो.”

मोठ्या बाई पायरीपाशी आल्या. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि विचारलं, “ते खड्डे कुठे आहेत?”

फळीवरून सगळी वरात कुरणात गेली. पाइप सहाजवळच्या खड्ड्याशी बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तेव्हा त्यांच्या मुठीत कोरडी माती होती. मग त्या पाइप दोनपर्यंत चालत गेल्या. तिथे पायाखाली पाणी पचपचलं. त्यांनी चराकडे नजर टाकली, मग हातातल्या मातीकडे पाहिलं.

“एवढ्याशा चरानं ही अवस्था,” त्या म्हणाल्या, “तर दुप्पट खोल केल्यावर काय होईल? सोमवारचं यंत्र रद्द. पाच पाइप नव्यानं बसवा. दोन महिने खरे आकडे घ्या, मग मी ठरवेन.” त्या ठेकेदारकाकांकडे वळल्या. “तुम्हीच बसवाल. तुमच्या खर्चानं.”

“बसवतो,” काका म्हणाले. त्यांचा आवाज आता अंगणापर्यंतही गेला नसता.

परत येताना बाईंनी शंकीच्या खांद्यावर हात ठेवला. “मी वर्षानुवर्षं अहवाल वाचतेय, पोरी. आलेख वर गेला की सगळे खूश होतात. खाली वाकून जमिनीला हात लावणारं क्वचितच कुणी भेटतं. तुम्ही तिघांनी लावलात. शाब्बास! आणि तू गं,” त्या मौनीला म्हणाल्या, “मला इतक्या नम्रपणे आजवर कुणी उठवलं नव्हतं!”

मौनी लाजून आजोबांच्या मागे गेली.

“आणि मी?” धांदलनं विचारलं. “बादली मी सांडली!”

“तुझं तर विशेष कौतुक,” बाई हसल्या. “पण पुन्हा सांडू नकोस.”

दुपारी पाहुणे गेल्यावर शंकी आत्याच्या टेबलापाशी घुटमळत राहिली. “आत्या, तुला बोलणी खावी लागली. माझ्यामुळे.”

आत्यानं तिला जवळ ओढलं. “माझ्या सहीमुळे. तुझ्यामुळे हे कुरण आणखी दोन महिने तरी जगलं. कालपासून मला राग आलाय तो एवढ्याचाच, की ही शंका मला आधी यायला हवी होती. पाच रेघा टणकन उड्या मारत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघून खूश होत होते.” तिनं अहवालाचा पहिला कागद काढून शंकीपुढे ठेवला. आत्यानं आपली सही असलेलं वाक्य खोडलं होतं. त्याखाली स्वच्छ अक्षरात खरं काय घडलं ते लिहिलं होतं, आणि चूक कुणी शोधली तेही. तिघांचीही हजेरीपटातली भारदस्त नावं तिथे होती.

“हे कोण लोक?” धांदल वाकून वाचत म्हणाला. “ओळखीचे वाटत नाहीत!”

पुढच्या आठवड्यात ठेकेदारकाका दोन माणसं घेऊन आले. या वेळी आभाळ निरभ्र होतं, पण भरून आलं असतं तरी त्यांनी घाई केली नसती. जुने पाइप उपटले, नवी भोकं पाडली. मोजा, वाळू, सगळं यथासांग. काका मुलांशी पहिले दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी धांदलला गिरमिट फिरवायला दिलं आणि तो स्वतःच त्याच्याभोवती फिरला तेव्हा ते पोट धरून हसले.

शेवटचा राहिला पाइप सहा. पाइप भोकात उभा होता, भोवती वाळू भरली होती. काकांनी गोळ्यांचं पोतं उघडलं, ओंजळ भरली आणि ते थांबले.

“काय झालं?” त्यांच्या माणसानं विचारलं. “टाका की.”

“थांब,” काका म्हणाले. त्यांनी मान वळवून फळीवर उभ्या असलेल्या शंकीला हाक मारली. “ये इकडे. वाळू बरोबर आलीय का बघ. माझी नजर एकदा चुकलीय.”

शंकी गुडघ्यांवर बसली. तिनं भोकात काडी सोडली, वाळूची पातळी मोजली. एका बाजूला वाळू दोन बोटं कमी होती. तिनं तसं सांगितलं. काकांनी कुरकुर न करता दोन ओंजळी वाळू घातली, काठीनं सारखी केली आणि पुन्हा गोळ्या हातात घेऊन उकिडवे बसले. आत्या मागे उभी होती. सगळे शंकीकडे बघत होते.

शंकीनं काडी पुन्हा चारही बाजूंनी फिरवून बघितली.

“आता टाका, काका,” ती म्हणाली. “हळूहळू.”